जुन्या पेजमेकर फायलींतला मराठी मजकूर युनिकोडमध्ये कसा आणायचा?

वार्षिकांक_समिती (प्रश्न)

ग्रंथालयाच्या वार्षिकांकाच्या १९९५ ते २००७ पर्यंतच्या फायली हाताशी आहेत. काही फ्लॉपीवर, बाकीच्या सीडीवर. पेजमेकर (पानं जुळवायचा जुना प्रोग्रॅम) ५ आणि ६.५ अशा दोन्ही आवृत्त्यांतल्या आहेत. फाँट बहुतेक ठिकाणी श्रीलिपीचे, सुरुवातीच्या दोन-तीन अंकांत डीव्ही-टीटी सुरेख. एकूण सुमारे ११०० पानं, डेमी आकाराची.

हा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक असलेल्या पद्धतीत, आणून संकेतस्थळावर टाकायचाय आणि तो शोधता यायला हवा. फाईल कशीबशी उघडली तर रोमन अक्षरं, कंस आणि टिंबांचा काला दिसतो. हे सगळं मराठीतच टाइप झालं होतं ना? मग मराठी गेलं कुठे? आणि पुन्हा टाइप न करता ते परत मिळवायचा खात्रीचा मार्ग कोणता?

जुळारी

मराठी कुठे गेलं नाही, कारण त्या फायलींत ते कधी नव्हतंच. हे आधी पक्कं समजून घ्या, पुढची निम्मी चुकामूक टळेल.

खिळ्यांच्या काळात रोमनला दोन केसा पुरत. देवनागरीला अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काने-मात्रे, रफार धरून खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी लागत आणि जुळाऱ्याला त्या सगळ्यांची जागा हाताला पाठ असावी लागे. १९८५ साली पेजमेकर आला, पाठोपाठ ३०० डीपीआयचे लेझर प्रिंटर स्वस्त होत गेले आणि नव्वदच्या दशकात आपल्याकडची छपाई टेबलावरच्या पीसीवर आली. मजकूर पडद्यावर जुळवायचा, बटर पेपरवर प्रिंट काढायची, त्यावरून प्लेट करायची. खिळे भंगारात गेले, पण खिळ्यांची पद्धत तशीच राहिली. तीच संगणकात शिरली.

तेव्हाच्या फाँटमध्ये एका अक्षराला एक बाइट, म्हणजे २५६ घरं. पहिली ३२ नियंत्रणाची, ती सोडली की उरली २२४. रोमन ‘ए’च्या घरात ‘ए’चं चित्र काढून टाकायचं आणि तिथे एखादा मात्रा किंवा अर्धा ‘ग’ बसवायचा. प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने बसवला. फाईलमध्ये साठतो तो फक्त घराचा क्रमांक. डोळ्याला मराठी दिसतं, संगणकाच्या लेखी तो रोमनच. फाँट काढून घेतला की मुखवटा उतरतो आणि तुम्हाला दिसतोय तो काला उरतो.

उदाहरण घ्या. कृतिदेव फाँटमध्ये ‘राम’ हा शब्द म्हणजे रोमन जे, के, ई ही तीन अक्षरं: जे म्हणजे र, के म्हणजे काना, ई म्हणजे म. ‘कर्म’ म्हणजे डी, ई आणि मोठा झेड. झेड हा रफार, आणि तो शेवटी येतो. उच्चारात ‘र्’ आधी असतो, पण खिळा ‘म’च्या डोक्यावर बसवायचा म्हणून नंतर.

म्हणजे तुम्हाला करायचंय ते दुहेरी काम आहे. एक, घरांचे क्रमांक ओळखून त्यांच्या जागी खरी अक्षरं घालायची. दोन, खिळ्यांच्या क्रमाने लागलेली अक्षरं उच्चाराच्या क्रमाने लावायची. पहिलं सोपं. सगळे गोते दुसऱ्यात आहेत.

फर्मा_१६

परिवर्तकाकडे, म्हणजे जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या प्रोग्रॅमकडे, धावण्याआधी मजकूर धड बाहेर काढा. बहुतेक लोक इथेच माती खातात आणि खापर परिवर्तकावर फोडतात.

सगळ्यात आधी फ्लॉपी. यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह घ्या आणि प्रत्येक डिस्क हार्ड डिस्कवर उतरवा. फ्लॉपीवरूनच फाईल उघडायची नाही. रीड एरर आली तर तीच डिस्क पुन:पुन्हा फिरवत बसू नका. दुसऱ्या ड्राइव्हवर एकदा लावून बघा, हेडच्या जुळणीतल्या फरकामुळे कधीकधी निघते.

मग यंत्र. पेजमेकर ५ हा १६-बिट प्रोग्रॅम, ६४-बिट विंडोजवर तो चालतच नाही. सोपा उपाय असा की व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणारा प्रोग्रॅम) ३२-बिट विंडोज एक्सपी टाका आणि त्यात पेजमेकर ६.५ किंवा ७. पाचच्या फायली त्यात उघडतात, सेव्ह-ॲज करून नव्या नावाने ठेवा. आत एखादा प्रिंटर डीफॉल्ट लावलेला असू द्या, प्रत्यक्षात नसला तरी चालेल. प्रिंटर नसला की पेजमेकर कुरकुर करतो.

फाँट ज्या मशीनवर अंक जुळवला गेला, त्याच्या फाँट फोल्डरमधून घ्या. त्या काळच्या बऱ्याच पॅकेजांना पॅरलल पोर्टला लावायचा डाँगल (परवान्याची खूण असलेलं उपकरण) असे आणि आता तो पोर्टच नसतो. पण डाँगल टायपिंगच्या कीबोर्ड-ड्रायव्हरला लागतो, नुसती टीटीएफ फाईल बसवून मजकूर बघायला सहसा लागत नाही. फाईल उघडताना पॅनोजची (हरवलेल्या फाँटऐवजी दुसरा सुचवणारी) चौकट आली आणि एखादा फाँट सापडत नाही म्हणाली, तर बदल ‘टेम्पररी’ ठेवा. ‘पर्मनंट’ केलात आणि फाईल सेव्ह झाली की मूळ फाँटचं नाव कायमचं गेलं. मग कुठला परिच्छेद कुठल्या फाँटमध्ये होता, हे कळायला काही मार्ग नाही.

आता मजकूर. कर्सर लेखात ठेवून एक्स्पोर्ट करा, आरटीएफ स्वरूपात. साधं टेक्स्ट नको. कारण तुमच्या अंकात मराठी वाक्यात मधेच इंग्रजी शब्द असणार, टाइम्समध्ये लावलेले. टेक्स्टमध्ये फाँटची माहिती पुसली जाते, आणि परिवर्तक त्या इंग्रजी शब्दांनाही मराठी समजून त्यांचा चेंदामेंदा करतो. आरटीएफमध्ये फाँट टिकतो. तो वर्डमध्ये उघडा. त्याआधी ऑटोकरेक्ट पूर्ण बंद करा: वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करणं, सरळ अवतरणचिन्हं वाकडी करणं, दोन्ही. पुढे या मजकुरात कोणी एखादी दुरुस्ती टाइप केली, तर छोट्याचं मोठं अक्षर होतं म्हणजे त्या फाँटमध्ये ‘क’चा भलताच कोणी होतो.

मग फाइंड-रिप्लेस. फाइंडची जागा रिकामी, फॉरमॅटमध्ये टाइम्स फाँट निवडा; रिप्लेसमध्ये ★^&★ घाला. ^& म्हणजे ‘जे सापडलं ते तसंच’. आता सगळे इंग्रजी शब्द दोन चांदण्यांच्या मधे आले, म्हणजे रूपांतरात ते वगळता येतील. खूण म्हणून चांदणीच का? तर ती २५५ च्या पलीकडची आहे. डॉलर, टक्का, कंस, स्टार, काहीही घेतलंत तरी त्या घरात कुठला ना कुठला खिळा बसलेला असतोच.

आणखी एक. पेजमेकर एका वेळी एकच स्टोरी, म्हणजे सलग जोडलेला मजकूर, बाहेर काढतो. चौकटीतला मजकूर, फोटोओळी, कवीचं नाव या बहुधा वेगळ्या स्टोऱ्या असतात. मास्टर पानावरचं काही येत नाही. लेखाची छापील प्रत शेजारी ठेवून टिचक्या मारत चला, नाहीतर कवितांची नावं हरवतात.

वार्षिकांक_समिती

धन्यवाद. पेजमेकर ७ मिळत नसेल तर दुसरा मार्ग आहे का? आणि एका फायलीतून कॉपी केलेला मजकूर नोटपॅडमध्ये नुसते चौकोन दाखवतोय.

फर्मा_१६

लिब्रेऑफिस ४.४ पासून पुढे पेजमेकर ६ आणि ७ च्या फायली ड्रॉमध्ये उघडतो. मांडणीवर भरवसा ठेवू नका, मजकूर मिळण्यापुरता उपयोग. इनडिझाइन (अडोबीचा पेजमेकरनंतरचा प्रोग्रॅम) सीएस६ किंवा त्याआधीचा असेल तर तोही सहा-सातच्या फायली घेतो; त्यानंतरच्या सीसी आवृत्त्यांपासून ती सोय काढली.

चौकोनांचं कारण वेगळं. काही जुने फाँट ‘सिम्बॉल’ प्रकारचे नोंदवलेले असतात. वर्ड त्यांची अक्षरं खाजगी पट्ट्यात, यू+एफ०२० ते यू+एफ०एफएफ मध्ये ठेवतो. प्रत्येक संकेतातून एफ००० वजा करा, मूळ घर क्रमांक मिळतो. छोटी स्क्रिप्ट पुरे.

रफार

आता मुख्य काम. आधी फाँट नेमका ओळखा, ‘श्रीलिपी’ किंवा ‘सुरेख’ एवढं पुरत नाही. डीव्ही-टीटी सुरेख आणि डीव्हीबी-टीटी सुरेख दिसायला सारखे, आतून वेगळे. ‘बी’ म्हणजे द्वैभाषिक: त्यात खालच्या १२८ घरांत खरंखुरं इंग्रजी असतं आणि देवनागरी वरच्या घरांत कोंबलेली असते. एकाचा तक्ता दुसऱ्याला लावलात तर शंभर टक्के कचरा. श्रीलिपीचंही तेच, वेगवेगळ्या मालिकांची घरं वेगळी. विंडोजच्या कॅरॅक्टर मॅपमध्ये फाँट उघडा, २५६ घरांचा तक्ता छापून घ्या आणि तयार परिवर्तकाचा तक्ता त्याच्याशी निदान वीस-पंचवीस घरांत ताडून बघा. टेक्निकल-हिंदी समूहाने बनवलेले ब्राउझरमध्ये चालणारे परिवर्तक यासाठी सोयीचे, कारण त्यांची आदलाबदलीची यादी उघडी असते, तुम्हाला हात घालता येतो.

सीडॅक या सरकारी संस्थेच्या जिस्ट या भारतीय भाषांच्या तंत्रातल्या जुन्या फायली कधीकधी इस्कीमध्ये असतात, त्या मिळाल्या तर नशीब समजा. इस्की अक्षरांचा संकेत आहे, चित्रांचा नाही, क्रम उच्चाराचाच. युनिकोडचा देवनागरी पट्टा त्याच्याच आराखड्यावर बेतलेला आहे, त्यामुळे रूपांतर जवळजवळ सरळ रेषेत होतं.

फाँटमधल्या मजकुराचा क्रम असा ठेवा. प्रथम लांब जोड्या, मग आखूड. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्र’, ‘त्त’ यांची पूर्ण चित्रं आधी बदला. मग अर्धं अक्षर + काना = पूर्ण अक्षर: जुन्या फाँटांत ‘ग’ हा बऱ्याचदा ‘ग्’ आणि दांडा असा दोन खिळ्यांत असतो. मग ऱ्हस्व वेलांटी. ती फाईलमध्ये अक्षराच्या आधी असते; तिला पुढच्या एका अक्षरापलीकडे न्यायचं नाही, पूर्ण जोडाक्षरापलीकडे न्यायचं. ‘स्थिती’ फाईलमध्ये ि-स्-थ-त-ी असं असतं. परिवर्तकाने वेलांटी नुसती ‘स्’च्या पुढे टाकली की ‘स्‌िथती’ असं भूत तयार होतं. जाड जोडाक्षरांसाठी वेगळ्या रुंदीच्या दोन-तीन वेलांट्याही असतात, तक्त्यात त्या सगळ्या आहेत का बघा.

रफार शेवटी घ्या. तो उलट्या दिशेने, जोडाक्षराच्या आणि त्याच्या काना-मात्रांच्याही मागे न्यायचा. ‘कार्यांत’मध्ये रफार आणि अनुस्वार बहुधा एकाच खिळ्यात जोडलेले असतात. त्या खिळ्याचे आधी दोन तुकडे करा: रफार मागे जाईल, अनुस्वार जागेवर राहील.

यानंतर ऑपरेटरच्या करामती. त्यांना दिसण्याशी मतलब होता, आणि तेव्हा ते योग्यच होतं. ‘ो’ काना आणि मात्रा असा दोन कळांत लावलेला असतो. रूपांतरानंतर तो ‘ा’ + ‘े’ राहतो. काही फाँटांत हुबेहूब ‘ो’ दिसतो, पण शोधताना सापडत नाही. तसंच अ + ा = आ, अ + ो = ओ, ा + ॅ = ॉ. अनुस्वार मात्रेच्या आधी पडलेला असतो, दोनदा पडलेला असतो. ओळीच्या शेवटी हाताने एंटर मारून शब्द संयोगचिन्हाने तोडलेला असतो. हे सगळं एका यादीत लिहून एकदाच आदलाबदल करा, फायलीगणिक हाताने नको.

तपासणी सोपी आहे, रेग्युलर एक्स्प्रेशनने (अक्षरांचा नमुना देऊन शोधायची पद्धत) चार गोष्टी शोधा: शब्दाच्या सुरुवातीला आलेली मात्रा, लागोपाठ दोन मात्रा, हलन्तानंतर लगेच मात्रा, आणि देवनागरी शब्दाला चिकटलेलं रोमन अक्षर. या चारांत जे अडकेल ते हमखास चूक. जे अडकत नाही ते मुद्रितशोधकाने वाचायचं. हे टाळता येत नाही: पानावर ३०० शब्द धरले आणि दोनशेंत एकच शब्द चुकला, तरी ११०० पानांवर साडेसोळाशे चुका होतात.

वार्षिकांक_समिती

एक लेख करून बघितला, सुंदर निघाला. पण ‘दऱ्या’ शोधलं तर काही ठिकाणीच सापडतं, ‘ॲसिड’ आणि ‘दुःख’ तर कुठेच नाही. डोळ्यांनी मात्र दिसतात.

जोडाक्षर

तिन्हींची कारणं वेगवेगळी, आणि तिन्ही खास मराठी रडगाणी.

‘दऱ्या’मधला अर्धचंद्रासारखा र दोन तऱ्हेने लिहिता येतो. एक म्हणजे ऱ (यू+०९३१) + हलन्त + य. दुसरी जुनी पद्धत: साधा र + हलन्त + शून्य रुंदीचा जोडक (यू+२००डी) + य. पडद्यावर फरक शून्य. बरेच परिवर्तक दुसरी रीत वापरतात, तुमचा कीबोर्ड पहिली देतो. सगळीकडे ‘र + हलन्त + जोडक’च्या जागी ‘ऱ + हलन्त’ करा. जोडक सरसकट उडवू मात्र नका. तो गेला की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, आणि ‘आचाऱ्यांना’ दिलेला मान ‘आचार्यांना’ जातो. स्वयंपाकी आणि गुरुजी यांची अदलाबदल!

याच टप्प्यावर सगळा मजकूर एनएफसी या युनिकोडच्या ठरावीक एकसारख्या रूपात आणा. ऱ हा र आणि नुक्ता असाही फोडून साठवता येतो, एनएफसी त्याला एक करतो.

‘ॲ’चं काम एनएफसीने होत नाही. ॲ (यू+०९७२) युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आला. त्याआधी लोक अ + ॅ लिहीत, आणि अजून कित्येक परिवर्तक तेच देतात. काही तर हिंदी वळणाचा ऍ टाकतात. दोन्ही बदलून ॲ करा.

‘दुःख’मध्ये विसर्गाच्या जागी अपूर्णविराम आहे, बघाच. टाइपरायटरपासूनची सवय. दोन्ही बाजूंना देवनागरी अक्षर असेल आणि मधे जागा नसेल तर विसर्ग करा. ‘वेळ:सायंकाळ’ असं जागा न सोडता लावलेलं असेल तर ते चुकीने बदलेल, तेवढं कार्यक्रमपत्रिकांच्या पानांवर नजर टाकून घ्या.

फाईल साठवताना यूटीएफ-८. जुन्या विंडोजचा नोटपॅड एएनएसआय सुचवतो. हो म्हटलंत तर सगळी मेहनत प्रश्नचिन्हांच्या रांगेत जमा.

थेट_स्कॅन

एवढा खटाटोप कशाला? छापील अंक ३०० डीपीआयला स्कॅन करा, टेसरॅक्ट या ओसीआरला (चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम) मराठी डेटा लावा, झालं. पीडीएफ असतील तर स्कॅनही नको.

रफार

फायली नसतील तर तोच मार्ग, वाद नाही. पण असताना नको. ओसीआरची चूक बेभरवशाची असते: डाग पडला म्हणून एका पानावर ‘घ’चा ‘ध’, दुसऱ्यावर नाही. परिवर्तकाची चूक नेमाने होते. एकदा सापडली की ११०० पानांत एकाच आज्ञेने सुटते. ओसीआरमध्ये अकराशे पानं अकराशे वेळा वाचावी लागतात.

पीडीएफमधून कॉपी करण्याच्या तर नादीच लागू नका. फाँटचा तुकडाच आत घातलेला असतो आणि कित्येकदा घरांचे क्रमांकही बदललेले असतात, मग कुठलाच तक्ता लागू पडत नाही. पीडीएफच उरली असेल तर तिचं चित्र करून ओसीआर, एवढंच.

खराब फ्लॉपीवरचे जे लेख येणारच नाहीत, तेवढ्यांसाठी तुमचा मार्ग ठीक.

वार्षिकांक_समिती

शेवटचं. आमचे डीटीपी ऑपरेटर जुन्या कीबोर्डवर पटाईत आहेत. यंदाचा अंक युनिकोडमध्ये करायचा म्हटलं तर ते म्हणतात, वेग निम्मा होईल. आणि इनडिझाइनमध्ये युनिकोड मजकूर टाकला तर वेलांट्या सुट्या पडतात.

जुळारी

दुसरं आधी. इनडिझाइनचा नेहमीचा कंपोझर (ओळी जुळवणारा भाग) देवनागरी जुळवत नाही. परिच्छेद निवडून पॅरेग्राफ पॅनलच्या मेनूत ‘अडोबी वर्ल्ड-रेडी पॅरेग्राफ कंपोझर’ घ्या, आणि प्रत्येक पॅरेग्राफ स्टाइलमध्ये जस्टिफिकेशनखाली तोच लावून ठेवा, नाहीतर नव्या परिच्छेदात पुन्हा तेच. सीएस६ असेल तर स्क्रिप्ट्समधली ‘इंडिकप्रेफरन्सेस’ एकदा चालवा. भाषा मराठी लावली आणि फाँटमध्ये सोय असली, तर पाकळीचा ल आणि देठाचा श आपोआप येतात. हिंदी वळणाचे राहिले तर फाँट बदला. पेजमेकरमध्ये मात्र युनिकोड चालत नाही. तिथे चिकटवायचा प्रयत्न सोडा.

ऑपरेटरचं म्हणणं पहिल्या काही आठवड्यांपुरतं खरं आहे. त्यांचा हात रेमिंग्टन या टाइपरायटरच्या मांडणीवर बसलाय. इनस्क्रिप्ट या सरकारी प्रमाण मांडणीत कळा बदलतात, पण सगळ्या नाहीत: एफवर ऱ्हस्व वेलांटी आणि जेवर र, हे दोन्ही मांडण्यांत तेच. बदलतो तो क्रम. रेमिंग्टनवर ‘कि’ म्हणजे आधी वेलांटी मग क, इनस्क्रिप्टवर आधी क मग वेलांटी. बोटांना नवी जागा लवकर उमगते, उलटा क्रम अंगवळणी पडायला वेळ जातो. म्हणून सरावाला वेलांट्यांचे आणि रफारांचे शब्द द्या: स्थिती, निर्मिती, कीर्ती, शिक्षणार्थी. आणि ‘दऱ्या’ पहिल्याच दिवशी दाखवा: ओ, शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ, ई. द, ऱ, हलन्त, य, काना. पाच कळा.

ज्यांना सवय मोडायचीच नाही, त्यांच्यासाठी रेमिंग्टन मांडणीचे पण युनिकोड उमटवणारे कीबोर्डही मिळतात. त्यात वेलांटी आधी दाबली तरी ती धरून ठेवून अक्षरानंतर बसवली जाते. अंक दिवाळीच्या तोंडावर असेल तर यंदा तेच घ्या, इनस्क्रिप्टचा सराव तुळशीच्या लग्नानंतर सुरू करा.